खोल श्वासानं ऑक्सिजन वाढत नाही, मग बरं का वाटतं?

पुण्यातल्या तळजाई टेकडीवर रोज सकाळी एक कंपू प्राणायामाला बसतो. त्यातले एक काका नवख्यांना सांगत होते, "जोरजोरात श्वास घ्या, रक्तात ऑक्सिजन भरून घ्या." मला राहवेना. करोनाच्या वेळचा ऑक्सिमीटर (वर ऑक्सिजनची टक्केवारी, खाली नाडीचे ठोके दाखवणारा) दुसऱ्या दिवशी खिशात टाकून नेला आणि काकांच्या बोटाला लावला. आधी ९८, दहा मिनिटं श्वास ओढून झाल्यावरही ९८!

वाढणार कुठून? निरोगी माणसाच्या रक्तातलं ऑक्सिजन वाहणारं हिमोग्लोबिन साध्या श्वासावरच जवळपास काठोकाठ भरलेलं असतं. हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो, आणि आपण सोडलेल्या हवेतही साधारण १६ टक्के उरलेला असतो. जोरजोरात श्वास घेतला की उलट कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि गरगरतं. काहींच्या मते हे गरगरणं म्हणजे ऊर्जा जागृत होणं!

पण काकांना बरं वाटतं, हे खोटं नाही. खरी करामत श्वास सोडण्यात आहे. मनगटावर बोटं ठेवून सावकाश श्वास सोडा; ठोक्यांमधलं अंतर किंचित वाढल्याचं जाणवेल. कार्ल लुडविगनं १८४७ मध्येच श्वासागणिक होणारा हा चढउतार नोंदवला होता.

हृदयाची ठोके देणारी गाठ एकटी सोडली तर मिनिटाला शंभरेक ठोके देईल. निवांत बसल्यावर ते सत्तरच्या आसपास राहतात, कारण व्हेगस ही मेंदूकडून हृदयाकडे येणारी चेता (नस) सतत ब्रेकवर पाय ठेवून असते, घाट उतरणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरसारखी. तिच्या टोकांतून ॲसिटिलकोलिन पाझरतं, गाठीच्या पेशींमधली पोटॅशियमची दारं उघडतात, धनभार बाहेर पडतो आणि पुढच्या ठोक्याचा उंबरठा गाठायला पेशीला वेळ लागतो. हे रसायन लगेच नष्टही होतं, म्हणून तर एका श्वासापुरता ब्रेक लावता-सोडता येतो. श्वास घेताना मेंदूचं श्वसनकेंद्र व्हेगसला दबकावतं. सोडताना ती पुन्हा कामाला लागते.

त्यात मानेतल्या धमन्यांतले दाब मोजणारे संवेदक दर ठोक्याला मेंदूला खबर देतात आणि मेंदू त्यानुसार ठोके कमीजास्त करतो. या फेऱ्याची स्वतःची लय सुमारे दहा सेकंदांची. श्वासही दहा सेकंदांचा केला, म्हणजे मिनिटाला सहा, तर श्वासाची आणि या फेऱ्याची अशा दोन्ही लाटा एकमेकींवर स्वार होतात. झोपाळ्याला नेमक्या क्षणी झोका द्यावा तशा. इटलीतल्या संशोधकांनी २००१ मध्ये जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि 'ॐ मणिपद्मे हुं' दोन्ही तपासले. दोन्हींत श्वास सहाच्या आसपास आला.

आणि श्वासासोबत मनात चित्र आणायला सांगतात, त्याचं काय? शाळेबाहेरच्या गाडीवरची तिखटमीठ लावलेली कैरी आठवा. सुटलं ना तोंडाला पाणी? म्हणजे कल्पना स्वायत्त, आपोआप काम करणाऱ्या चेतांपर्यंत पोचते. मात्र सोनेरी प्रकाश कल्पून शरीरातली गाठ (ट्यूमर) विरघळवणारी शिबिरं म्हणजे पैसे उकळण्याचा धंदा आहे. श्वासानं बरं वाटलं तरी रक्तदाबाची गोळी मुकाट्यानं घ्यावी.

काकांना मग पाच आकडे मोजत श्वास घ्यायला, पाच मोजत सोडायला लावलं. थोड्या वेळानं ऑक्सिमीटर परत देताना म्हणाले, "ऑक्सिजन तेवढाच, पण खालचा आकडा ८४ चा ७४ झाला. सेल उतरले का हो याचे?"