बेटांचे वास, बडोद्यात बनवलेले : बाटली घेण्याआधी एवढं वाचा

दुकानात येणारा जवळजवळ प्रत्येक जण विचारतो की समुद्राचा वास बाटलीत भरता कसा. भरत नाही हो, समुद्राच्या पाण्यातून काही अत्तर निघत नाही, तो वास जुळवावा लागतो. खाऱ्या हवेचा जो भास होतो त्यात मोठा वाटा कॅलोन नावाच्या रसायनाचा, ते १९६६ मध्ये फायझर कंपनीत सापडलं, नुसतं हुंगलं तर कलिंगडाच्या सालीसारखं वाटतं, पण अगदी थोडंसं खसाबरोबर, म्हणजे वाळ्याबरोबर, पडलं की किनारा समोर येतो.

आमचं पहिलं परफ्यूम दीववरचं. बडोद्याची मंडळी तिथे नागोआ बीचला जातात, आम्ही पण गेलो, पण लक्षात राहिली ती दुपारी दोनची किल्ल्याची भिंत, दगड असा तापलेला की हात टेकवत नव्हता आणि त्याच्या भेगांमधे पांढरं मीठ सुकलेलं, त्याला एक वास होता, कोरडा, किंचित धुरकट. तो धरायला चौदा ट्रायल लागल्या. शेवटी जमलं ते वाळ्यामुळे, तोच वाळा जो आजी उन्हाळ्यात माठात टाकायची, त्याच्या मुळांचं तेल काढतात, आणि तांब्याच्या डेगेत, म्हणजे अत्तर गाळायच्या मोठ्या भांड्यात, काढलेल्या या तेलाला, रूह खसाला, जो मातीचा ओलावा असतो तो तापलेल्या दगडाशेजारी फार सुंदर बसतो.

दुसरं हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरचं, यात व्हॅनिला आहे. व्हॅनिलाचं फूल एकच दिवस उमलतं आणि मेक्सिकोबाहेर त्याला फळ धरेना, मग १८४१ मध्ये याच बेटावर एडमंड आल्बियस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडी आणि अंगठा वापरून हाताने परागीकरण करून दाखवलं, आजही शेतात बहुतेक असंच करतात. व्हॅनिला महाग का, हे आम्ही यावरूनच सांगतो.

तिसऱ्यात हिंदी महासागरातल्याच कोमोरोस बेटांचं इलँग-इलँग आहे, आपल्या हिरव्या चाफ्याच्या आणि सीताफळाच्या कुळातलं झाड, म्हणून ज्यांच्या घरी हिरवा चाफा होता त्यांना हे ओळखीचं वाटतं. चौथं ग्रीसच्या क्रीट बेटाचं, लॅबडॅनम नावाच्या राळेचं. ती एका झुडपाच्या पानांवर उन्हात पाझरते, पूर्वी तिथे चरून आलेल्या बकऱ्यांच्या दाढीला चिकटलेली राळ विंचरून काढायचे. वास गोड, चामड्यासारखा, सगळ्यांना आवडेलच असं नाही, आम्हाला मात्र हेच सगळ्यात जवळचं.

अंबर आहे का असं विचारतात. खरं अंबर हा सुगंधी पदार्थ, तो स्पर्म व्हेल या देवमाशापासून मिळतो आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे आपल्याकडे त्याचा व्यापार बंद आहे, आम्ही त्याच्यासारखा वास देणारं अँब्रॉक्सन वापरतो, ते क्लॅरी सेज या झाडापासून बनवता येतं.

आता वापरायचं कसं. कागदाच्या पट्टीवर हुंगून प्लीज ठरवू नका, पहिली दहा मिनिटं लिंबूवर्गीय वास उडून जातो आणि बडोद्याच्या मे महिन्यात तर आणखीनच लवकर, खरं परफ्यूम तासाभराने कळतं. मनगटावर लावून घासू नका. पैठणीवर किंवा कुठल्याच रेशमावर मारू नका, डाग पडतो, आधी अंगाला लावा, सुकू द्या, मग साडी नेसा. बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाचं तेल असलेल्या बाटलीवर आम्ही पिवळा ठिपका लावलाय, ते लावून उन्हात जाऊ नका, कातडी काळवंडू शकते. नाजूक त्वचा असेल तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस बघा. आणि स्कूटरच्या डिकीत बाटली ठेवू नका हो, उष्णतेने वास बिघडतो, कपाटात कपड्यांच्या मागे ठेवलेली उत्तम.

अंगावर लावून बघितल्याशिवाय परफ्यूम कळत नाही, म्हणून आम्ही आधी २ मिलीची कुपी देतो. दोन दिवस लावून घरच्यांना विचारा, नाही आवडलं तर सरळ सांगा, दुसरं बेट देऊ. रिकामी कुपी परत आणलीत तर धुऊन पुन्हा भरून देतो.