जहाज पाहून त्याच दिवशी घाट चढू नका

आम्ही गोव्याच्या समुद्रात स्कूबा डाइव्हच्या, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाण्याच्या सहली काढतो. बुकिंगच्या फोनवर एक प्रश्न हमखास येतो. "रविवारी सकाळी डाइव्ह उरकून दुपारी निघालो, तर सोमवारी ऑफिस गाठता येईल ना? तेवढंच एका रात्रीचं भाडं वाचेल."

ऑफिस गाठता येईल, पण आम्ही तशी सहल काढत नाही. ज्यांनी आम्हाला न विचारता गोव्याहून शनिवार संध्याकाळच्या विमानाचं तिकीट काढलं, त्यांची शनिवारची डाइव्ह आम्ही रद्द केली आहे. मग बोटीजवळ तासभर वाद होतो आणि बाकीची मंडळी उन्हात ताटकळतात.

कारण नीट समजून घ्या. आपण मराठवाड्यातले लोक पठारावर राहतो. किनाऱ्यावरून घरी यायचं म्हणजे आंबोलीने या नाहीतर चोर्ल्याने, सह्याद्री चढावाच लागतो. आंबोलीच ६९० मीटरच्या आसपास आहे. पाण्यात दहा मीटर खाली गेलं की दाब वरच्यापेक्षा दुप्पट होतो, वीस मीटरवर तिप्पट. टाकीतल्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो आणि त्या दाबाने तो रक्तात, स्नायूंत, सांध्यांत मुरतो. वर आल्यावर श्वासावाटे बाहेर पडतो, पण त्याला कित्येक तास लागतात. तो अंगात शिल्लक असताना उंचावर गेलात की बाहेरचा दाब आणखी उतरतो आणि गोटी सोड्याची गोटी दाबल्यावर होतं तसे अंगात बुडबुडे धरू शकतात. सांधे ठणकतात, हातापायांना मुंग्या येतात, दुखणं मोठं असेल तर पाय लुळे पडतात. अर्ध्या रात्री घाटात हे झालं तर लगेच द्यायला लागतो तो शुद्ध ऑक्सिजन आणायचा कुठून?

डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डाइव्हच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेचा सल्ला असा: एकच साधी डाइव्ह असेल तर विमानाआधी किमान १२ तास, एकाहून जास्त असतील तर १८ तास थांबा. सुमारे ६०० मीटरच्या वर जाणाऱ्या घाटालाही आम्ही हाच हिशेब लावतो. म्हणून गुरुवारी रात्री निघायचं, शुक्रवारी झोप आणि उथळ पाण्यात सराव, शनिवारी दोन डाइव्ह दुपारी एकच्या आत, रविवारी सकाळी सातला गाडी. शनिवारची खोली आणि जेवण आमच्या दरातच आहे. इतरांपेक्षा आमचा दर थोडा जास्त दिसतो तो यामुळे.

विहिरीत सूर मारून वाढलेल्यांना आणखी एक विनंती. तुमची पाण्याची भीती गेलेली असते, त्याचा फार उपयोग होतो, पण श्वास कोंडायची सवय तेवढी घरी ठेवून या. टाकीची हवा छातीत कोंडून दहा मीटरवरून वर आलात तर ती दुप्पट फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. श्वास सतत चालू ठेवायचा, शुक्रवारचा सराव मुख्यतः त्यासाठीच असतो.

पहिल्यांदा येणाऱ्यांना मुरगावजवळच्या ग्रँड बेटापाशी बुडालेलं उथळातलं जहाज पुरतं. ते बाहेरून पाहायचं. आत शिरू देत नाही. गाळ एकदा उठला की दार दिसत नाही, आणि गंजका पत्रा कापतो. आठवण म्हणून तुकडा उचलायलाही बंदी आहे. याच भागात सुंची खडकाजवळ राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांना जुन्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष सापडले, त्यात तोफा आणि हस्तिदंतही होते. अशा वस्तू तिथे राहिल्या होत्या म्हणून त्यांना त्या जहाजाबद्दल काही सांगता आलं.

हंगाम ऑक्टोबर ते मे, पावसाळ्यात बोट बंद. दम्याचा, कानाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी आणा. परतीचं तिकीट काढण्याआधी एक फोन करा. डाइव्ह किती वाजता संपेल ते आम्ही सांगू, तिथून तास मोजा.