मराठीतले व्यापारी पत्र कायद्यापुढे टिकत नाही?

बेळगावच्या खडेबाजारापासून निपाणीपर्यंत पेढ्यापेढ्यांवर एक समज रुजलेला आहे: व्यवहाराचे पत्र मराठीत लिहिले, तर कायद्यापुढे त्याला किंमत नाही. हा समज चुकीचा आहे. भारतीय करार कायदा, 1872 मध्ये कराराच्या भाषेविषयी कोणतीही अट नाही. शहापूरच्या व्यापाऱ्याने इचलकरंजीच्या पुरवठादारास ‘आपल्या दि. 12 च्या बिलातील 20 गाठींपैकी 3 भिजलेल्या निघाल्या, सबब तेवढी रक्कम वजा करून बाकी पाठवीत आहोत’ असे सहीनिशी कळविले, तर तो पुरावाच होय. वाद न्यायालयात गेल्यास भाषांतर जोडावे लागेल, इतकेच. (तारीख आणि बिल क्रमांक गाळणे मात्र खरोखर महागात पडते, आणि त्याची धास्ती कोणी घेत नाही.)

गोंधळाचे मूळ बहुधा कर्नाटक राज्याच्या 1963 च्या राजभाषा कायद्यात असावे. त्याने कन्नड ही कर्नाटकाची राजभाषा ठरली. पण तो शासकीय कामकाजापुरता आहे, दोन व्यापाऱ्यांच्या पत्रव्यवहाराला लागू नाही. शिवाय सरकारी अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणे मांडायचे असल्यास राज्यघटनेच्या अनुच्छेद 350 नुसार ते संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते. उत्तर मराठीतच मिळेल, अशी हमी मात्र त्यात नाही.