गणिती रहस्यकोडे

गणिती रहस्यकोडे : काल्पनिक खुनाचा उलगडा गणिती प्रश्न सोडवून आणि सांकेतिक मजकूर वाचून करावयाचा असतो, असा कोड्यांचा एक प्रकार. कोडे रचणारा एक घटना, मोजके संशयित आणि काही कागद पुढे ठेवतो. त्यांवरून खुनी कोण, खून कोठे, केव्हा व कशाने झाला हे सोडविणाऱ्याने ठरवावयाचे असते. रहस्यकथेचा वाचक उलगड्याची वाट पाहू शकतो, येथे तो स्वतःच करावा लागतो. त्यामुळे लागणारी सर्व माहिती दिलेल्या कागदांतच असावी आणि उत्तर एकच निघावे, या दोन अटी या प्रकारात अनिवार्य मानल्या जातात.

सोडविण्याच्या कामाची दोन अंगे आहेत. सांकेतिक मजकूर वाचणे हे पहिले आणि न जुळणाऱ्या शक्यता वगळणे हे दुसरे. नवखे रचनाकार पहिल्या अंगावर भर देतात. पण वाचलेल्या मजकुराने एकही शक्यता कमी होत नसेल, तर तो पुरावा नसून केवळ सजावट ठरतो. याचा हिशेब करता येतो. 1949 मध्ये इंग्लंडमध्ये बाजारात आलेल्या क्लूडो या पटावरील खेळात 6 संशयित, 6 हत्यारे व 9 खोल्या असतात, म्हणजे एकूण शक्यता 6 × 6 × 9 = 324 होतात. ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगणाऱ्या पुराव्यांपैकी प्रत्येकाने फार तर निम्म्या शक्यता हमखास कमी होतात. आठ पुराव्यांनी 256 शक्यतांचाच निकाल लागतो, म्हणून असे किमान नऊ पुरावे लागतात. शक्यता मोजण्याची ही रीत आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (शके 1072, इ.स. 1150) अंकपाश प्रकरणात दहा हातांतील दहा आयुधे आपसांत बदलली असता शंभूच्या मूर्तीचे किती भेद होतील, असा प्रश्न असून त्याचे उत्तर 36,28,800 आहे, चार आयुधांच्या हरीचे भेद 24 होतात.

या प्रकाराच्या उगमाविषयी दोन दृष्टी संभवतात. एका दृष्टीने तो प्रहेलिका (कूटप्रश्न) आणि गुप्तलेखन यांच्या भारतीय परंपरेतून आला. महाभारताच्या आदिपर्वात लाक्षागृहाचा कट ओळखून विदुर युधिष्ठिराला इतरांना कळू नये अशा भाषेत सावध करतो. लोखंडाचे नसूनही शरीर छेदणारे शस्त्र, असा अग्नीचा निर्देश तो करतो. पुढे विदुराने पाठविलेला खनक (भुयार खणणारा) वारणावतास येतो, तेव्हा विदुर तुमच्याशी म्लेच्छवाणीत बोलला आणि तुम्ही ‘तसेच’ म्हणालात, एवढीच खूण तो सांगतो. येथे सांकेतिक भाषेने दोन कामे केली आहेत, मजकूर लपविला आहे आणि दूताची ओळखही पटविली आहे. कामसूत्रातील चौसष्ट कलांत प्रहेलिका, अक्षरमुष्टिकाकथन (अक्षरांच्या संक्षेपाने बोलणे) व म्लेच्छितविकल्प (सांकेतिक भाषा) यांची गणना आहे. यशोधराच्या ‘जयमंगला’ टीकेत, जी बहुधा तेराव्या शतकातील असावी, कौटिलीय आणि मूलदेवीय अशा अक्षरांच्या अदलाबदलीच्या पद्धती सांगितल्या आहेत. मूलदेवीयात अक्षरांच्या जोड्या लावून एकाच्या जागी दुसरे लिहितात, त्यामुळे लिहिण्याची व वाचण्याची किल्ली एकच असते.

मराठीतील सर्वांत ठळक उदाहरण महानुभावांच्या सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांचे होय. सकळ लिपी सामान्यतः चौदाव्या शतकातील मानली जाते आणि तिचे कर्तृत्व रवळोबास यांच्याकडे दिले जाते. ती निर्माण होण्याचे कारण परचक्राचे भय, की पंथाबाहेरच्यांपासून ग्रंथांचे सोवळेपण राखणे, याविषयी एकमत नाही. पंथाची एकंदर वृत्ती पाहता दुसरे कारण अधिक संभवनीय वाटते. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे यांच्या प्रयत्नांनी या लिप्यांचा उलगडा होऊन जुने मराठी वाङ्मय अभ्यासकांस खुले झाले. राजवाडे हे 1910 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाचे एक संस्थापक होत.

दुसऱ्या दृष्टीने हा प्रकार एकोणिसाव्या शतकातील पाश्चात्त्य रहस्यकथा आणि नियतकालिकांतील गणिती करमणुकीची सदरे यांच्या संयोगातून घडला. अंकांच्या जागी अक्षरे घालून केलेल्या बेरजेचे हेन्री ड्यूडनी यांचे प्रसिद्ध कोडे 1924 मधील आहे. वरील जुन्या साधनांत लपविणे आणि ओळखणे आढळते, पण संशयितांची यादी देऊन एकमेव उत्तराची हमी देणे आढळत नाही. म्हणून आजचे रूप अर्वाचीन आणि त्यात वापरलेली सामग्री मात्र पुष्कळदा जुनी, असे मानणे सयुक्तिक वाटते.

या सामग्रीत कटपयादी पद्धतीला विशेष महत्त्व आहे, कारण तिच्यात शब्द आणि संख्या एकत्र येतात. क ते झ यांना अनुक्रमे 1 ते 9, ट ते ध यांना 1 ते 9, प ते म यांना 1 ते 5 आणि य ते ह यांना 1 ते 8 ही मूल्ये असून ञ, न आणि व्यंजनाविना आलेले स्वर शून्य दर्शवितात. व्यंजनावरील स्वराला मूल्य नाही, जोडाक्षरात शेवटचे व्यंजन धरतात आणि ‘अंकानां वामतो गतिः’ या नियमाने अंक उजवीकडून डावीकडे मांडतात. पद्धतीचा काळ वादग्रस्त आहे. केरळातील परंपरा ती वररुचीपर्यंत नेते. निश्चित आधार मात्र हरिदत्ताच्या ‘ग्रहचारनिबंधन’ या सामान्यतः इ.स. 683 च्या मानल्या जाणाऱ्या ग्रंथापासून मिळतो. आर्यभटाने 499 च्या सुमारास योजिलेली अक्षरसंख्या वेगळी आहे, तिच्यात स्वरांनाही स्थानमूल्य असते. दोन्हींची गल्लत करू नये. दुसऱ्या आर्यभटाने ‘महासिद्धांता’त कटपयादीचेच वेगळे रूप वापरले आहे. त्यात अंक डावीकडून उजवीकडे वाचतात आणि जोडाक्षरातील प्रत्येक व्यंजन मोजतात. ‘हत्या’ हा शब्द प्रचलित रीतीने 18 होतो, दुसऱ्या आर्यभटाच्या रीतीने 861. कोणती रीत धरावी हे कोड्यात कोठेतरी सूचित केलेले नसेल तर दोन उत्तरे निघतात आणि कोडे सदोष ठरते. शिवाय शब्दावरून संख्या एकच निघते, पण संख्येवरून शब्द अनेक निघतात. ‘जय’ याचीही संख्या 18 च आहे. म्हणून कटपयादीचा उपयोग संख्या लपविण्यासाठी करावा, नाव लपविण्यासाठी करू नये.

पुण्याच्या पार्श्वभूमीवर रचलेले एक छोटे उदाहरण पुढीलप्रमाणे देता येईल. शहराच्या सात पेठांना सात वारांची नावे असल्याने सातने भागून उरणारी बाकी पेठेची खूण म्हणून वापरता येते. बाकी 1 म्हणजे रविवार, 2 म्हणजे सोमवार आणि बाकी शून्य म्हणजे शनिवार, असा संकेत धरू. एका वाड्याचे मालक मृत आढळतात. त्यांच्या रोजनिशीत ज्याने घात केला त्याच्या भेटीची नोंद ‘सभा, 35 घटिका’ अशी आहे. संशयित चार असून दिवाणजी व पेढीवरचा कारकून गुरुवार पेठेत, आचारी बुधवार पेठेत आणि भाचा शनिवार पेठेत राहतो. ‘सभा’ या शब्दातील स म्हणजे 7 व भ म्हणजे 4. उजवीकडून मांडल्यास 47, त्याला सातने भागून बाकी 5, म्हणून गुरुवार पेठ. दिशा चुकल्यास 74 येते, बाकी 4 उरते आणि निरपराध आचाऱ्यावर आळ येतो. पुढचा प्रश्न वेळेचा. घटिका 24 मिनिटांची, म्हणून 35 घटिका म्हणजे 14 तास. पंचांगाच्या रीतीने त्या सूर्योदयापासून मोजावयाच्या. सूर्योदय 6 वाजून 10 मिनिटांनी झाला असल्यास भेटीची वेळ रात्री 8 वाजून 10 मिनिटे येते. त्या वेळी कारकून कीर्तनास बसलेला अनेकांनी पाहिला आहे, म्हणून दिवाणजी उरतात. मध्यरात्रीपासून मोजणाऱ्यास दुपारचे 2 मिळतात; त्या वेळी दिवाणजी पेढीवर सर्वांसमोर होते, त्यामुळे तो कारकुनास दोषी ठरवील. तिन्ही उत्तरे गणित म्हणून बिनचूक आहेत. चूक होते ती वाचनाच्या नियमात.

या कारणाने चांगल्या कोड्यात पुराव्यालाच ताळा (वाचन पडताळण्याची खूण) जोडलेला असावा, हा या प्रकारातील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित नियम होय. पुण्याच्या इतिहासातील एक प्रसिद्ध आख्यायिका त्याचे मर्म स्पष्ट करते. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. नारायणरावांना ‘धरावे’ असा लेखी हुकूम होता आणि त्यातील ‘ध’चा ‘मा’ करून ‘मारावे’ केले गेले, असे सांगतात. ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार त्यावरूनच रूढ झाला. या कथेस समकालीन कागदाचा निर्विवाद आधार नाही आणि आनंदीबाईंवर त्यावरून ठेवला जाणारा दोष सावधपणेच घ्यावा लागतो. रामशास्त्री प्रभुणे यांनी केलेल्या चौकशीस मात्र इतिहासात भक्कम स्थान आहे. कथा ऐतिहासिक असो वा नसो, कोडे रचणाऱ्याला ती मोठी उपयुक्त आहे. कटपयादीने ‘धरावे’ म्हणजे 429 आणि ‘मारावे’ म्हणजे 425. नऊचा ताळा (एकच अंक उरेपर्यंत अंकांची बेरीज) घेतल्यास पहिल्याचा 6 आणि दुसऱ्याचा 2 येतो. हुकुमाच्या खाली 6 हा ताळा लिहिलेला असता, तर फेरफार उघड झाला असता. पण नऊच्या ताळ्यालाही मर्यादा आहेत. 9 च्या जागी शून्य आल्यास तो बदलत नाही, म्हणजे ‘ध’चा ‘न’ केला असता तर चोरी पकडली गेली नसती. आणि अंकांची उलटापालटही त्याला कळत नाही, कारण 47 व 74 या दोहोंचा ताळा 2 च आहे. अकराने भागून बाकी पाहिल्यास 47 ची 3 व 74 ची 8 येते आणि दिशेची चूक तत्काळ दिसते. रोजनिशीच्या वरील नोंदीत ‘अकरांत तीन’ असे दोन शब्द वाढविले, तर आचारी पहिल्याच पायरीवर सुटतो.

सांकेतिक मजकुरात संख्या कशी बोलते याचे आणखी एक उदाहरण म्हणजे 1761 च्या पानिपतानंतर नानासाहेब पेशव्यांच्या हाती पडल्याचे सांगितले जाणारे सावकारी पत्र. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरपल्या, खुर्द्याची गणती नाही, अशा आशयाचे हे पत्र ग्रँट डफच्या 1826 मधील मराठ्यांच्या इतिहासामुळे सर्वतोमुखी झाले. विश्वासराव व सदाशिवरावभाऊ हे दोन मोती. येथे वस्तूचे मोल व्यक्तीचा दर्जा सांगते आणि आकडा हानी सांगतो.

मोडी लिपीतील कागद कोड्यात घालण्याचा मोह पुण्यात साहजिक आहे, कारण पेशवे दफ्तराचे असंख्य रुमाल येथील पुराभिलेखागारात आहेत. परंतु मोडी ही गुप्तलिपी नाही. शब्द न तोडता लिहिणे आणि इकार-उकारांत ऱ्हस्वदीर्घ भेद न राखणे यांमुळे ती नवख्याला सांकेतिक वाटते एवढेच. तिचा उगम हेमाडपंतांशी जोडणारी परंपरा आहे, पण ती निःसंदिग्ध मानली जात नाही. अक्षरांच्या वारंवारतेवरून उलगडा करण्याची रीत, जी अरब विद्वान अल-किंदी याने नवव्या शतकात मांडली, मराठीस लावताना व्यंजने आणि मात्रा वेगळ्या मोजाव्या लागतात; जोडलेले पूर्ण अक्षर एकक धरल्यास एककांची संख्या फार वाढते आणि लहान चिठ्ठीतून काहीच निष्पन्न होत नाही. प्रत्यय व ‘आहे’, ‘होता’, ‘आणि’ असे शब्द हे अशा वेळी पहिले आधार ठरतात.

पुण्यात गणिताच्या शालाबाह्य अध्यापनास श्रीराम अभ्यंकर यांनी 1976 मध्ये स्थापिलेल्या भास्कराचार्य प्रतिष्ठानासारख्या संस्थांमुळे बळ मिळाले. 22 डिसेंबरचा राष्ट्रीय गणित दिन हे अशा कोड्यांसाठी सोयीचे निमित्त असते. फर्ग्युसन महाविद्यालयाचे विद्यार्थी द. रा. कापरेकर यांचा 6174 हा स्थिरांक कुलपाची संख्या म्हणून वापरण्यास आकर्षक वाटतो. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घेऊन तिच्या अंकांच्या उतरत्या मांडणीतून चढती मांडणी वजा करीत गेल्यास अधिकात अधिक सात पायऱ्यांत 6174 येते; 1761 पासून 6444, 1998, 8082, 8532 आणि पाचव्या पायरीस 6174. मात्र सर्वच वाटा येथे मिळत असल्याने 6174 हे उत्तर आरंभीच्या संख्येविषयी काहीच सांगत नाही. त्यातून संशयित ओळखावयाचा असेल, तर पुरावा म्हणून पायऱ्यांची संख्या द्यावी लागते.