जातं नसलेलं पोट

मोठ्या खेकड्याच्या जठरात एक छोटं जातंच असतं. कायटिनचे तीन टणक दात एकमेकांवर घासतात आणि नांग्यांनी तोडलेला घास तिथे भरडून निघतो. अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या, जेमतेम मिलिमीटरभराच्या पिल्लाकडे, म्हणजे झोइयाकडे, मात्र हे जातं नसतं. नांग्याही नसतात. खेकड्यांची पिल्लं वाढवायच्या टाकीत त्याला काय, किती आणि केव्हा खाऊ घालायचं, हे सगळं या एका गोष्टीवर ठरतं.

झोइया भक्ष्याच्या मागे धावत नाही. जबड्यामागच्या पायांच्या दोन जोड्यांनी तो पोहत राहतो. वाटेत काही धडकलं की शेपटी पुढे दुमडतो, तिच्या दुफाट्यात ते अडकवतो आणि तोंडाकडे लोटतो. त्यामुळे टाकीत खाद्य आहे एवढ्याने भागत नाही, ते दाट हवं. चिखलखेकड्याचा झोइया कात टाकत पाच अवस्थांतून वाढतो. त्यातल्या पहिल्या दोन अवस्थांत दर मिलिलिटरला निदान 10 ते 20 रोटिफर (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी) ठेवतात. मेलेले रोटिफर तळाला बसतात, खाल्ले जात नाहीत आणि पाणी तेवढं नासवतात.

गिळलेला घास जठराच्या दोन कप्प्यांतून जातो. दुसऱ्या कप्प्यात बारीक केसांची गाळणी असते. तिच्यातून फक्त रस आणि अतिसूक्ष्म कण यकृत-स्वादुपिंडात, म्हणजे अन्न पचवून साठवणाऱ्या ग्रंथीत, शिरतात, बाकीचा चोथा पातळ पटलात गुंडाळून आतड्यावाटे बाहेर पडतो. पाचक रस पहिल्या दिवसापासून असतात: प्रथिनांसाठी ट्रिप्सिन, पिष्टासाठी अमायलेज. पण आतडं आखूड, अन्न आत थांबणार थोडाच वेळ, आणि भरडायची सोय नाही. रोटिफरचं मऊ शरीर या रसांत चटकन विरघळतं. जाड भिंतीच्या शैवालपेशी मात्र बऱ्याचदा न फुटताच बाहेर येतात. म्हणून हिरवंगार आतडं पाहून पोट भरलंय असं समजू नये. शैवाल टाकीत ठेवायचं ते मुख्यतः रोटिफरना खायला.

उपाशी राहिलेला झोइया आधी यकृत-स्वादुपिंडातले चरबीचे थेंब वापरतो. ते संपून पेशीच आक्रसल्या, की पुढे भरपूर खाद्य मिळालं तरी तो कात टाकू शकत नाही. उलट, कातचक्राच्या सुरुवातीलाच पुरेसा साठा झाला, तर नंतर उपास घडूनही तो पुढच्या अवस्थेत जातो. म्हणून पहिलं खाद्य अंडी फुटली त्याच दिवशी, दुसऱ्या दिवसावर ढकलायचं नाही. तपासणी सोपी आहे: दहा झोइया सूक्ष्मदर्शकाखाली घ्या. शरीर पारदर्शक असल्याने भरलेलं आतडं आणि चरबीचे चकचकीत थेंब लगेच दिसतात. पोट रिकामं आणि यकृत-स्वादुपिंड काचेसारखं दिसलं तर रोटिफर मोजा.

तिसऱ्या अवस्थेपासून आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या छोट्या कोळंबीसारख्या जीवाची) पिल्लं देता येतात, दर मिलिलिटरला अर्ध्यापासून दोन-तीनपर्यंत. ती ताजीच हवीत. नुसत्या पाण्यात दिवसभर ठेवली की मोठी होतात, चपळ होतात आणि अंगातली शिदोरी खर्चून बसतात. आर्टेमियाच्या अंड्यांची टरफलं नीट वेगळी केली नाहीत तर ती गिळली जाऊन आतड्यात अडकू शकतात. आर्टेमियात डीएचए हे वाढीला लागणारं मेदाम्ल जवळपास नसतं, त्यामुळे तेलाच्या मिश्रणात ठेवून मग ती देतात. इथे हात सैल सोडू नये. असं खाद्य अति झालं की पाचव्या अवस्थेतल्या झोइयाच्या नांग्या वेळेआधीच मोठ्या वाढतात, मेगालोपा (झोइयानंतरची अवस्था) होताना त्या जुन्या कातीतून सुटत नाहीत आणि पिल्लू अर्ध्यात अडकून मरतं.

जे सुटतात त्यांच्या जठरात आता जातं आलेलं असतं आणि नांग्याही चालू लागतात. त्यांचा पहिला वापर शेजारच्या भावंडावर होतो. म्हणून मेगालोपा दिसू लागले की टाकीतली दाटी कमी करा, लपायला जाळीचे तुकडे सोडा आणि आर्टेमियाच्या जोडीला बारीक चिरलेलं मांस द्या.