बॅग पट्ट्यावर आलीच नाही तर: नोंद, दावा आणि लागणारी कागदपत्रं

विमानात दिलेली बॅग हरवली की दोन वेगळे कागद करावे लागतात, आणि घोळ होतो तो इथेच. पहिला कागद विमानतळावर होणारा पीआयआर, म्हणजे बॅग आली नाही किंवा फुटून आली याची नोंद. दुसरा, नुकसानभरपाईचा लेखी दावा. पहिला केला म्हणजे दुसराही झाला असं धरून लोक घरी वाट बघत बसतात आणि मुदत हातची जाते.

पीआयआर पट्ट्याजवळच्या सामान-चौकशी काउंटरवर करायचा, तोही कस्टम ओलांडून बाहेर पडण्याआधी. विमानं बदलून आला असाल तर शेवटच्या टप्प्याच्या विमान कंपनीकडे जा. तिथे बोर्डिंग पास, पासपोर्ट किंवा ओळखपत्र आणि टॅगची पावती लागते. ही पावती म्हणजे चेक-इनच्या वेळी बोर्डिंग पासमागे चिकटवून दिलेला छोटा स्टिकर, जो आपण हमखास कचऱ्यात टाकतो. त्यावरचा १० अंकी क्रमांक हीच बॅगेची खरी ओळख. ‘काळी, मध्यम आकाराची’ या वर्णनाने काही साधत नाही, तशा शेकडो असतात. चाकं किती, ओरखडा कुठे, आत सगळ्यात वर काय ठेवलंय, हे सांगा. तात्पुरता पत्ता आणि फोनही द्या, नाहीतर बॅग तुम्ही नसलेल्या घरी पोचायची.

काउंटर सोडण्याआधी संदर्भ क्रमांक घ्या: आधी विमानतळाचा तीन अक्षरी कोड, मग कंपनीचा कोड, शेवटी पाच आकडे. अनेक कंपन्या वापरत असलेल्या वर्ल्डट्रेसर या शोधयंत्रणेत याच क्रमांकावर बॅगेचा माग काढला जातो.

आता भरपाई कुठल्या नियमाने आणि किती? आंतरराष्ट्रीय प्रवासाला साधारणपणे १९९९चा माँट्रियल करार लागू होतो, अर्थात संबंधित देश त्यात सामील असतील तर. देशांतर्गत प्रवासाला त्या त्या देशाचे नियम. करारानुसार २८ डिसेंबर २०२४ पासून सामानाच्या भरपाईची कमाल मर्यादा १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक, पाच चलनांवरून त्याची किंमत ठरते. ही मर्यादा दर प्रवाशामागे आहे, दर बॅगेमागे नाही. शिवाय ती कमाल रक्कम आहे. हातात पडतं ते सिद्ध झालेलं नुकसान. बॅगेच्या मूळच्याच दोषामुळे काही बिघडलं असेल तर कंपनी जबाबदार नसते. जवळ ठेवलेल्या हातसामानाची जबाबदारी तर कंपनीचा दोष असेल तरच येते.

मुदती नीट वाचा, कारण ‘२१ दिवस’ दोनदा येतात आणि दोन्हींचा अर्थ निराळा. बॅग फुटलेली मिळाली तर हातात आल्यापासून ७ दिवसांत लेखी तक्रार. उशिरा मिळाली तर मिळाल्या दिवसापासून २१ दिवसांत. आणि आलीच नाही, तर ज्या दिवशी यायला हवी होती तिथून २१ दिवस उलटले की ती हरवली असं धरून दावा करता येतो. कंपनीने आधीच कबूल केलं तर तेवढं थांबायचीही गरज नाही. कोर्टात जायची मुदत दोन वर्षं. तक्रार न करता बॅग घेतली, तर ती नीट मिळाली असंच मानलं जातं.

दाव्यासोबत पीआयआरची प्रत, तिकीट, बोर्डिंग पास, टॅगची पावती, बॅगेतल्या वस्तूंची किमतीसह यादी, असतील तेवढी बिलं आणि बँकेचा तपशील जोडा. बिल नसेल तर जुना फोटो किंवा कार्डाचं स्टेटमेंटही उपयोगी पडतं. बॅगेची वाट बघताना घेतलेले कपडे, साबण, ब्रश यांच्या पावत्या जपून ठेवा; वाजवी खर्च मागता येतो. मात्र कंपनीच्या पैशांत हौसेची खरेदी उरकायचा बेत असेल तर सोडून द्या. मूळ कागद कुणाला देऊ नका, प्रती द्या. प्रवास विमा असेल तर त्यांनाही लगेच कळवा. तेही पीआयआर मागतात.

निघण्याआधीची दहा मिनिटं मला या सगळ्या अर्जांपेक्षा मोलाची वाटतात. उघड्या बॅगेचा आणि बंद बॅगेचा फोटो काढा. नाव, फोन, ईमेल लिहिलेली चिठ्ठी आतही ठेवा, कारण बाहेरचा टॅग तुटू शकतो. दागिने, औषधं, लॅपटॉप, मूळ कागदपत्रं जवळच. पॉवर बँक तर चेक-इन बॅगेत चालतच नाही. एखादी महाग वस्तू द्यावीच लागली, तर चेक-इनलाच तिच्या किमतीची विशेष घोषणा करता येते. कंपनी जादा शुल्क मागू शकते, पण भरपाईची मर्यादा घोषित रकमेपर्यंत वाढते. आणि मागच्या प्रवासाचे स्टिकर सोलून काढा. जुना बारकोड वाचला गेला तर बॅग भलत्याच विमानाकडे वळू शकते.