मुलांच्या नावाचा पैसा : कोणाच्या खात्यात, कोणत्या महिन्यात

मुलांच्या संगोपनासाठी सरकारने दिलेला पैसा मुलांवरच खर्च होतो का, ही चर्चा लाडकी बहीण योजनेनंतर गावोगावच्या पारावर रंगली. ती बहुतेक वेळा 'बायका साड्या घेतात, पुरुष पिऊन उडवतात' इथेच संपते. प्रश्न मात्र शंभर वर्षांचा आहे. त्याचा मागोवा घेतला तर दोन गोष्टी पुन्हा पुन्हा समोर येतात: रक्कम घरात कोणाच्या हाती पडते आणि कोणत्या महिन्यात पडते. रक्कम किती, हे त्यानंतर.

कोल्हापूर संस्थानाने सुरुवात पैसे देऊन नव्हे, दंड आकारून केली. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्याआधी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि १९०८ मध्ये मिस क्लार्क वसतिगृह उभे राहिले होते. संस्थानचा पैसा जागा, इमारत, जेवण आणि मास्तरांच्या पगारावर जाई. आईबापांच्या हाती रोकड देण्याचा विचार त्यात नव्हता. स्वातंत्र्यानंतरही बराच काळ हीच रीत राहिली: फी माफ, पुस्तके फुकट, १९७५ पासून अंगणवाडीतला आहार.

वस्तू दिली की ती मुलाच्याच पोटात जाते, हा समज मात्र तांदळाने खोटा ठरवला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी शालेय पोषण आहार योजना सुरू झाली तेव्हा ८० टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला तीन किलो कोरडा तांदूळ मिळे. शाळेच्या दिवसामागे शंभर ग्रॅम, असा हिशोब. तो तांदूळ घरी गेला की पाच माणसांच्या पातेल्यात शिजे आणि चार दिवसांत संपे. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशात शिजवलेलेच अन्न शाळेत द्यायला सांगितले, त्यामागे हा अनुभव होता. तरीही एक बारकावा राहतो. तीन किलो तांदूळ घरी आला म्हणजे तीन किलो विकत घ्यायचा वाचला. ते वाचलेले पैसे कुठे गेले हे कोणत्याच नोंदवहीत दिसत नाही. रोख रकमेचेही हेच आहे. 'या पैशातून काय घेतले?' असे विचारून फारसे कळत नाही. हा पैसा आल्यावर घरखर्चात कोणती बाब वाढली, हे पाहावे लागते.

तसे पाहण्याची संधी ब्रिटनमध्ये आली. तिथे १९४५ च्या कायद्याने दुसऱ्या आणि पुढच्या प्रत्येक मुलामागे आठवड्याला पाच शिलिंग भत्ता सुरू झाला. सरकारचा मूळ मसुदा तो बापाला देण्याचा होता. महिला खासदार एलिनॉर रॅथबोन यांनी संसदेत अडून तो आईच्या नावे करून घेतला. १९७७ ते ७९ या काळात आणखी मोठा बदल झाला. तोवर मुलांसाठी मिळणारी करसवलत बहुधा बापाच्या पगारात जमा होई. ती बंद करून रक्कम थेट आईला मिळू लागली. घरात येणारा पैसा साधारण तेवढाच, फक्त हात बदलला. लुंडबर्ग, पोलक आणि वेल्स या तीन अर्थतज्ज्ञांनी १९९७ मध्ये त्या काळातला कुटुंबखर्च तपासला, तर पुरुषांच्या कपड्यांच्या तुलनेत मुलांच्या आणि बायकांच्या कपड्यांवरचा खर्च वाढलेला निघाला.

पुढे ब्रिटनच्याच आकड्यांवरून झालेल्या दुसऱ्या अभ्यासात उलट वाटावे असे काही सापडले: भत्त्यात अनपेक्षित वाढ झाली की ती मोठ्यांच्या वस्तूंवर, त्यात दारूवरही, जास्त खर्च होते. टीकाकारांना हे आयते कोलीत. पण अभ्यासकांनी काढलेला अर्थ वेगळा आहे. बहुतेक आईबाप आपल्या गरजांना कात्री लावून मुलांचे आधीच भागवतात. जास्तीचे चार पैसे आले की आजवर स्वतःचे मारलेले मन थोडे सैल सोडतात. साडीचा टोमणा मारणाऱ्याने वर्षभर साडी न घेतलेल्या बाईचा हिशोबही मांडायला हवा.

आपल्याकडचा पुरावा मध्य प्रदेशातला. २०११ पासून स्वयंरोजगारी महिलांच्या 'सेवा' संघटनेने युनिसेफच्या मदतीने तिथल्या काही गावांत प्रत्येक मोठ्या माणसाला २०० आणि मुलामागे १०० रुपये महिना विनाअट दिले, पुढे ते ३०० आणि १५० केले. मुलांचा वाटा आईच्या हाती जाई. दारूवरचा खर्च वाढल्याचे दिसले नाही. खाणे आणि शाळा यांवरचा वाढला.

महाराष्ट्रात रोख रकमा आल्या त्या चिमटीने. ३ जानेवारी १९९२ पासून पहिली ते चौथीच्या मागासवर्गीय आणि दारिद्र्यरेषेखालील मुलींना हजेरीच्या दिवसाला एक रुपया, वर्षाला जास्तीत जास्त २२०. पुढे सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती: पाचवी ते सातवी महिना ६० रुपये, आठवी ते दहावी १००, वर्षातले दहा महिने. कागदावर दर महिना, पण हातात एकरकमी आणि बहुधा वर्ष सरताना. जूनमधल्या वह्यांची उधारी तेव्हा कधीच फिटलेली किंवा थकलेली असते.

कोल्हापूर जिल्ह्यात या 'कधी'ला फार वजन आहे, कारण इथल्या घरात पैसा ठरलेल्या वाटांनीच येतो. दूध संस्थेचे बिल दर दहा दिवसांनी, पशुखाद्याची कपात होऊन; दिवाळीला दूधदरातला फरक. उसाचे बिल गळीत हंगामात. कायद्याने ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत, पण आधी विकास सेवा संस्थेचे पीककर्ज वळते होते आणि उरलेले सातबारावर नाव असलेल्या पुरुषाच्या खात्यात पडते. इचलकरंजीच्या यंत्रमागावर पगार आठवड्याला. जून उजाडतो तेव्हा ऊसबिल संपलेले, खरिपाचे बी-खत घ्यायचे, आणि त्याच पंधरवड्यात दप्तर, रेनकोट, व्हॅनचे आगाऊ पैसे, शिकवणीचा पहिला हप्ता. त्या आठवड्यात आलेली रक्कम सरळ शाळेकडे वळते. तीच रक्कम ऑक्टोबर-नोव्हेंबरात आली तर दिवाळीच्या खर्चात मिसळते, आणि तीन-चार महिन्यांची तुंबून एकदम आली तर भिशी, बचत गटाचा थकलेला हप्ता किंवा फायनान्सवाल्याकडे जाते. यात उधळपट्टी नाही. दुकानदाराने आणि गटाने ती रक्कम येण्याआधीच उधार दिलेली असते.

गरोदर आणि बाळंतिणींना रोख मदत देणाऱ्या मातृवंदना योजनेत हे सर्वांत स्वच्छ दिसते. तमिळनाडूने १९८७ मध्ये ३०० रुपयांचे प्रसूतीसाहाय्य सुरू केले. केंद्राने २०१० मध्ये निवडक जिल्ह्यांत ४,००० रुपयांची योजना आणली, महाराष्ट्रातून अमरावती आणि भंडारा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने किमान ६,००० रुपये म्हटले. १ जानेवारी २०१७ पासून लागू झालेल्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या मुलाला मिळाले ५,०००. आधी तीन हप्ते होते, एप्रिल २०२२ पासून दोन: नोंदणी आणि तपासणीनंतर ३,०००, जन्मनोंदणी आणि साडेतीन महिन्यांचे लसीकरण झाल्यावर २,०००. दुसरे मूल मुलगी असेल तर ६,००० एकदम. पहिल्या मुलासाठी अर्जाची मुदत शेवटच्या पाळीपासून ५७० दिवस; ५,००० रुपये तेवढ्या दिवसांवर वाटले तर दिवसाला पावणेनऊ रुपये होतात. हेतू असा की बाईने मजुरीला सुट्टी घ्यावी आणि नीट जेवावे. प्रत्यक्षात हप्ता बाळंतपणानंतर आला तर तो सोनोग्राफीचे, खासगी दवाखान्याचे किंवा बारशाचे हातउसने फेडतो. सरकारी रुग्णालयात २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे प्रसूती, सिझेरियन, औषधे आणि जेवण मोफत असते. तिथे बाळंतीण झालेल्या घरात हाच पैसा दूध-खारीक-डिंकापर्यंत पोचण्याची शक्यता जास्त.

हप्ता अडतो कुठे? पहिले बाळंतपण माहेरी होते आणि नोंद सासरच्या अंगणवाडीत असते, त्यामुळे लसीकरणाच्या नोंदी दोन गावांत विभागतात; माता-बाल संरक्षण कार्ड दोन्हीकडे बरोबर ठेवले तर हा घोळ टळतो. दुसरे कारण नावाचे: आधारवर माहेरचे नाव, कार्डावर सासरचे, बँकेत तिसरेच. क्रम असा ठेवावा: आधी आधार दुरुस्त करायचे, मग बँकेत केवायसी, शेवटी अर्ज. तिसरे कारण कोणाच्या ध्यानात येत नाही. आधारवरून जाणारी रक्कम अर्जात लिहिलेल्या खात्यात जात नाही. आधारला सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. सिमकार्ड घेताना उघडलेल्या पेमेंट्स बँकेच्या खात्यात ती महिनोन्महिने पडून राहिल्याची उदाहरणे आहेत. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची, म्हणजे आधारला कोणते खाते जोडले आहे याची, स्थिती पाहता येते. ते आधी पाहावे, अंगणवाडी सेविकेशी नंतर भांडावे. दोन वर्षे व्यवहार नसेल तर खाते निष्क्रिय होते, हेही लक्षात असू द्यावे.

बँक खात्याच्या आग्रहाचा एक प्रयोग फसलाही. २०१७ मध्ये दोन गणवेशांचे ४०० रुपये विद्यार्थी आणि आईच्या संयुक्त खात्यात देण्याचे ठरले. चारशे रुपयांसाठी खाते उघडायला किमान शिल्लक आणि कामाचा एक बुडालेला दिवस, यातच रक्कम संपत होती. पुढच्या वर्षी पैसे पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे गेले.

मुलींच्या योजनांना कोल्हापुरात वेगळी पार्श्वभूमी आहे. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८३९ मुली होत्या. २०११ मध्ये ८६३. मध्ये सोनोग्राफी यंत्रांवर नजर ठेवणारी 'सायलेंट ऑब्झर्व्हर' यंत्रणा इथे बसवली गेली. नंतरच्या योजना जन्मालाच बक्षीस जोडतात. माझी कन्या भाग्यश्रीत एका मुलीनंतर आईबापांनी कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया केल्यास ५०,००० रुपये होते. १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलींसाठी लेक लाडकी आली, पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेवर. जन्माला ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि अठरा पूर्ण झाल्यावर ७५,०००. म्हणजे एक लाख एक हजारांतले तीन चतुर्थांश शेवटी. ही रचना संगोपनाला पैसा पुरवण्याची नाही, मुलगी शिकत आणि अविवाहित राहावी यासाठी थांबवून धरण्याची आहे.

संगोपनाचा खरा मासिक पैसा म्हणजे बालसंगोपन योजना: एक किंवा दोन्ही पालक गमावलेल्या मुलामागे पूर्वी ४२५ रुपये, आता २,२५०. गृहचौकशी होते, बालकल्याण समिती आदेश देते आणि मुदतीत नूतनीकरण न झाल्यास हप्ता थांबतो. शाळेचा दाखला आणि खात्याची प्रत जूनमध्येच जोडून ठेवलेली बरी. दुधाचा लिटरला साठ रुपये दर धरला तर रोज अर्ध्या लिटरचे महिन्याचे ९०० रुपये. उरलेल्या १,३५० मध्ये एसटीचा पास, वह्या आणि एखादी शिकवणी बसते. अनुदान सहा महिने अडून एकदम आले तर तेवढेच १३,५०० रुपये होतात, आणि आजी-आजोबांच्या घरात त्यांना वाट फुटते ती बहुधा मधल्या सहा महिन्यांच्या किराणा उधारीकडे.

लेक लाडकीतली ७५,००० रुपयांची पहिली रक्कम एप्रिल २०४१ मध्ये देय होईल. महागाई वर्षाला पाच टक्के धरली तर तिची किंमत २०२३ च्या हिशोबात सुमारे ३१,००० रुपये भरते.